मासे सोडण्याचे वचन दिले तरी घेऊ नका

आलेले पत्र :

मी 31 वर्षांची आहे, कोथरूडला आईवडिलांकडे राहते आणि बाणेरला नोकरी करते. आमचे घर पूर्ण शाकाहारी आहे. चातुर्मासात कांदा-लसूणही बंद असतो. दीड वर्षापूर्वी एका अ‍ॅपवर माझी एका मुलाशी ओळख झाली. तो मूळचा मालवणकडचा असून वारज्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. अ‍ॅपवर मी ‘शाकाहारी’ असे लिहिले होते, त्याने तो रकाना रिकामा सोडला होता. पहिले चार महिने आम्ही जिथे जिथे जेवलो तिथे त्याने माझ्यासारखेच मागवले, म्हणून मी काही विचारले नाही. नंतर कळले की बुधवार, शुक्रवार आणि रविवार तो बाहेर मासे खातो. फ्लॅट ‘फक्त शाकाहारींना’ या अटीवर मिळालेला असल्यामुळे घरी काही करत नाही. मी नाराज झाले तेव्हा तो म्हणाला, “लग्नानंतर सोडतो.” मला बरे वाटले, पण विश्वास बसत नाही. खरे सांगायचे तर तो मासे खाऊन आला की मला त्याच्या जवळ बसवत नाही. माझी मैत्रीण याला सोवळेपणा म्हणते, आणि ते मनाला लागते. गणपतीत मी त्याच्या गावच्या घरी गेले होते. त्याची आई फार प्रेमाने वागली. निघताना म्हणाली, “तू खाव नको गो, पण करूक शीक.” तो हसला, मीही हसले. माझ्या आईला मी तो शाकाहारी आहे असे सांगितले आहे. पुढच्या महिन्यात त्याचे आईवडील आमच्याकडे यायचे ठरले आहे. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा का? आणि मला जे वाटते ते चुकीचे आहे का?

– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर :

तुम्ही मला दोन प्रश्न विचारले आहेत, आणि तिसरा, जो मला सर्वांत मोठा वाटतो, तो विचारलेलाच नाही. तो तुमच्या पत्रात त्याच्या आईच्या तोंडी आला आहे, आणि त्यावर तुम्ही दोघे हसून मोकळे झालात. “खाव नको, पण करूक शीक” हे वाक्य त्या माउलीने मायेने म्हटले असेल यात मला शंका नाही; सुनेच्या ताटावर आपण हक्क सांगत नाही, एवढा मोठेपणा तिने दाखवला आहे, आणि तो सगळ्याच घरांत दिसतो असे नाही. परंतु त्याच वाक्यात तिने तुमच्या हातांवर हक्क सांगून ठेवला आहे. तुमच्या डोळ्यांसमोर आज त्याचे तोंड आहे, म्हणजे तो काय खातो, खाऊन आल्यावर कसा वास येतो, पुढे खाईल की सोडेल. प्रत्यक्ष संसारात मात्र प्रश्न बहुधा हातांचा येतो : बांगड्याचे खवले कोण काढणार, कोलंबीचा काळा दोरा कोण ओढणार, पिशवीतले पाणी मोरीत कोण ओतणार आणि नंतर ती मोरी कोण घासणार.

आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलेली दिसते. तुम्ही त्याच्या घरी गणपतीत गेलात, म्हणजे अशा दिवसांत गेलात जेव्हा कोकणातल्या बहुतेक घरांचे स्वयंपाकघर तुमच्या कोथरूडच्या स्वयंपाकघरासारखेच असते. मोदक, काळ्या वाटाण्याचे सांबार, घावने, भाजी यांच्यावरून तुम्ही त्या घराचा अंदाज बांधला असेल तर तो विसर्जनापुरताच खरा आहे. त्यानंतरच्या पहिल्या बुधवारी त्या ओट्यावर काय असते ते तुम्ही पाहिलेले नाही. पाहिल्याशिवाय होकार देऊ नये आणि नकारही देऊ नये, असे माझे मत आहे.

आता वचनाकडे वळते. “लग्नानंतर सोडतो” असे तो म्हणाला, त्यात लबाडी असेलच असे नाही. प्रेमात पडलेला माणूस याहून मोठ्या गोष्टीही सोडायला निघतो. पण तो हे केव्हा म्हणाला ते तुम्हीच लिहिले आहे : तुम्ही नाराज झालात तेव्हा. नाराजी मिटवण्यासाठी दिलेला शब्द हा मासे या विषयावरचा निर्णय नसतो, तो त्या संध्याकाळच्या भांडणाचा तोडगा असतो. मासे सोडायला त्याचे स्वतःचे कारण असते, जीवहत्येबद्दल त्याला काही वाटले असते, डॉक्टरांनी सांगितले असते किंवा वारीला जाऊन त्याने गळ्यात तुळशीची माळ घातली असती, तर त्याने ते लग्नाच्या तारखेला बांधले नसते. ज्या दिवशी पटले त्या दिवशी सोडले असते. ज्याला मुहूर्त लागतो तो त्याग बहुधा दुसऱ्या कुणासाठी असतो, आणि त्याचा हिशेब कधीतरी त्या दुसऱ्या माणसाकडेच येतो. सात वर्षांनी तुम्ही नोकरीसाठी बंगळूरला जायचे म्हणालात की “मी तुझ्यासाठी मासे सोडले” हे वाक्य कपाटातून बाहेर निघेल. त्या वेळी त्याला काय उत्तर द्याल, याचा आजच विचार करून पाहा.

या पुण्यात कुणी काय तोंडात घातले हा कधीच खासगी मामला राहिलेला नाही. ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये शहरातल्या काही पुढाऱ्यांनी चहा-बिस्किटे घेतली, गोपाळराव जोशी यांनी त्यांची नावे छापून आणली, आणि एका चहाच्या कपावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांपुढे प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला. रानडे यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले ते त्यांना त्यात पाप दिसले म्हणून नव्हे, तर बरोबरच्या मित्रांची घरात आणि जातीत झालेली कोंडी सुटावी म्हणून, असे सांगितले जाते. आणि त्यामुळे त्यांना मानणारे पुष्कळ सुधारक दुखावले. हेतू चांगला असूनही न पटलेले प्रायश्चित्त भोवतालच्यांना असे खुपत राहते. तुमच्या मित्राने लग्नाच्या मांडवात न पटलेले प्रायश्चित्त घ्यावे असे तुम्हाला खरोखर वाटते का?

शिवाय असा शब्द बहुधा कसा पाळला जातो हेही आपल्याला ठाऊक आहे. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 या वयातल्या पुरुषांपैकी सुमारे 83 टक्के जणांनी, तर स्त्रियांपैकी सुमारे 71 टक्के जणींनी आपण मासे, कोंबडी किंवा मटण कधी ना कधी खातो असे सांगितले. या दोन आकड्यांमधल्या बारा टक्क्यांच्या फरकाला अनेक कारणे असतील, पण त्यात अशीही घरे असणार हे उघड आहे जिथे बाई खात नाही आणि बुवा बाहेर खाऊन येतात. पुण्यात अशी घरे मी डझनाने पाहिली आहेत. शनिवारी रात्री उशीर, येताना बडीशेप, घरी आल्याबरोबर अंघोळ, आणि बायकोने सगळे ओळखूनही न विचारणे, असा तो शिरस्ता असतो. तुमचा मित्र आजही जवळजवळ असेच करतो आहे, फरक एवढाच की त्याला लपवायला लावणारी व्यक्ती सध्या घरमालक आहे. लग्नानंतर त्या घरमालकाची जागा तुम्ही घ्यावी असे मला वाटत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की हे वचन त्याला परत करा. शब्दशः परत करा. म्हणजे त्याला सांगा की तू दिलेला शब्द मी धरून ठेवणार नाही, तुला उद्या आपणहून सोडावेसे वाटले तर तो तुझा प्रश्न आहे आणि त्याचे श्रेय मी घेणार नाही. हे ऐकून त्याला सुटल्यासारखे वाटले तर तुम्हाला पुष्कळ काही कळेल, आणि तो गोंधळला तरीही कळेल. वचन परत दिल्यावर तुमच्या हाती काय उरते, असे तुम्ही विचाराल. तुमच्या हाती तुमचे ताट आणि तुमचे हात उरतात, आणि त्यांच्याभोवती तुम्ही जेवढी हवी तेवढी ठसठशीत रेघ ओढू शकता. माझ्या ताटात येणार नाही, मी शिजवणार नाही, मी साफ करणार नाही, माझ्या भांड्यांत होणार नाही. या चारही वाक्यांचा कर्ता तुम्ही आहात. ‘तू खायचे नाही’ या वाक्याचा कर्ता तो आहे, आणि ते वाक्य चालवायचे तर तुम्हाला आयुष्यभर त्याच्या तोंडाचा वास घेत बसावे लागेल.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, ज्याचा उल्लेख तुम्ही एका ओळीत आणि बऱ्याच संकोचाने केला आहे. तो मासे खाऊन आला की जवळ बसवत नाही, हे वाटणे चुकीचे नाही. वाटणे चुकीचे असूच शकत नाही, त्यावरून आपण काय करतो ते चुकीचे असू शकते. तुम्ही याबाबतीत एकट्याही नाही. साधारण 2007 मध्ये न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या अ‍ॅनी पॉट्स यांच्या अभ्यासात काही व्हीगन (दूध-अंड्यांसह कोणताही प्राणिजन्य पदार्थ न खाणाऱ्या) स्त्रियांनी मांसाहार करणाऱ्या पुरुषाशी शारीरिक जवळीक नकोशी वाटते असे सांगितले होते, आणि त्यावरून तिकडे एक नवा शब्दही निघाला. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी किळस या भावनेवर फार वर्षे काम केले आहे. त्यांच्या एका अभ्यासात असे दिसले की प्रकृतीसाठी मांस सोडलेल्यांपेक्षा नैतिक कारणाने सोडलेल्यांना मांसाची किळस अधिक येते. म्हणजे किळस ही नुसती नाकाची गोष्ट नाही. आपण एखाद्या पदार्थाला जो अर्थ देतो तो अर्थही नाकातून आत शिरतो.

तेव्हा तुमच्या किळसेतला वासाचा भाग किती आणि अर्थाचा भाग किती, हे तुम्हीच वेगळे करून पाहा. वासाचा भाग सोपा आहे. समुद्राच्या माशाला येणारा तो विशिष्ट वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइन या द्रव्याचा असतो. ते आम्लारी असल्यामुळे आम्लाने दबते, आणि म्हणूनच कोकणातली बाई माशाला आगळ, चिंच किंवा लिंबू लावते, रसायनशास्त्र न शिकता. हात लिंबाने धुणे, दात घासणे आणि शर्ट बदलणे एवढ्याने या प्रश्नाचा पुष्कळसा भाग संपतो, आणि जवळ येण्याआधी एवढे करण्याची अपेक्षा करणे यात कसलाही सोवळेपणा नाही. कच्चा कांदा खाऊन आलेल्या माणसाकडूनही आपण तेच मागतो. त्याला हे स्पष्ट सांगा. तोंड फिरवून बसू नका, कारण तोंड फिरवण्याचा अर्थ तो काहीही लावू शकतो.

अर्थाचा भाग अवघड आहे, आणि इथे मी तुमच्या मैत्रिणीची थोडी बाजू घेणार आहे. स्वतःला काही प्रश्न विचारा आणि उत्तरे कुणाला सांगू नका. ऑफिसमध्ये शेजारी बसून अंड्याचा रोल खाणाऱ्या सहकाऱ्याची तुम्हाला अशीच शिसारी येते का? वाढदिवसाच्या केकमध्ये अंडे असते हे माहीत असून तुमच्या घरात तो कापला जातो का? तोच वास एखाद्या परदेशी पाहुण्याच्या ताटातून आला तर तो ‘त्यांच्याकडची पद्धत’ ठरतो आणि मालवणच्या मुलाच्या ताटातून आला तर ‘कसले संस्कार’ ठरतो, असे होते का? पहिल्या प्रश्नांची उत्तरे काहीही आली तरी चालेल, शेवटच्याचे उत्तर ‘हो’ आले तर मात्र थांबून विचार करावा, कारण मग तुम्हाला खटकते आहे ते माशापेक्षा वेगळे काहीतरी आहे. आपल्याकडच्या स्थळांच्या जाहिरातींमध्ये ‘निर्व्यसनी व शाकाहारी’ हे दोन शब्द एका दमात छापले जातात, जणू बांगडा आणि दारू ही एकाच दुकानात मिळणारी वस्तू आहे. ‘फक्त शाकाहारींना’ या घरमालकाच्या अटीत स्वयंपाकघराच्या स्वच्छतेची काळजी किती आणि भाडेकरूचे आडनाव न विचारता ओळखण्याची सोय किती, हे पुण्यात घर शोधलेल्या कुणालाही विचारा. तुमच्या मनात असे काही आहे असा माझा आरोप नाही. परंतु आपण ज्या हवेत वाढलो तिचा वास आपल्याला येत नाही, आणि मैत्रिणीला तो आला असेल.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. ‘सोवळेपणा’ म्हणून हिणवले की शाकाहारी मुलीने ओशाळून एक तुकडी चाखून पाहावी, अशी अपेक्षा हल्ली मित्रमंडळींत सर्रास केली जाते, आणि तीही एक जबरदस्तीच आहे. तुम्हाला प्राण्याला मारून खाणे नको वाटत असेल तर त्याचे समर्थन कुणापुढे करण्याची गरज नाही. प्रेम सिद्ध करण्यासाठी सुरमई चाखू नका.

आता मला जो भाग आशेचा वाटतो त्याबद्दल. तुमचे पत्र वाचताना असे वाटते की एका बाजूला न खाणारे घर आहे आणि दुसऱ्या बाजूला खाणारे. मला हे चित्र पुरते खरे वाटत नाही. तुम्ही लिहिलेले वार पुन्हा पाहा : बुधवार, शुक्रवार, रविवार. म्हणजे उरलेले चार दिवस तो खात नाही. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शिवाय चतुर्थी आणि एकादशी, वर सगळा श्रावण. त्यातच राज्याच्या किनाऱ्यावर साधारणतः 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, आणि ती उठते न उठते तोच बहुतेक वर्षी श्रावण असतो. प्यू या अमेरिकी संस्थेने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतातल्या पाहणीत 39 टक्के प्रौढांनी स्वतःला शाकाहारी म्हटले होते, पण मांसाहारावर या ना त्या प्रकारे बंधन घालणारे 81 टक्के होते. तुमचा मित्र या दुसऱ्या, मोठ्या गटातला आहे. त्याच्या घरात संयम वारावर चालतो, तुमच्या घरात तो जन्मभराचा असतो. पण ‘आज हे चालत नाही’ हे वाक्य दोन्ही घरांत एकाच सुरात म्हटले जाते. तुमची आई आषाढात कांदेनवमीला कांद्याची भजी करून चार महिने कांदा बंद करते, तेव्हा ती जे करते ते त्याच्या आईला समजावून सांगावे लागणार नाही. याच कोकणात काही घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, आणि त्याच गौरीच्या शेजारी बसलेल्या गणपतीला गोडाचा. एका मखरात दोन ताटे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही.

माझे आजोबा माळकरी होते आणि माझे दोन्ही काका मटणाचे शौकीन. आमच्या गावच्या घरात मटण कधी चुलीवर चढले नाही. ते गोठ्यामागे तीन दगडांवर वेगळ्या पातेल्यात शिजे, शिजवणारे काका असत, घासणारेही काकाच असत, आणि ते पातेले पडवीतल्या खुंटीवर टांगलेले असे, आत येत नसे. आजोबांनी काकांना खाऊ नका असे म्हटल्याचे कुणाला आठवत नाही, आणि काकांनी आजीला ‘जरा मसाला वाटून दे’ असे म्हटल्याचेही आठवत नाही. (आजीला मात्र त्या रश्श्याच्या वासाने भूक लागे, हे तिने म्हातारपणी कबूल केले, तो भाग वेगळा.) महाराष्ट्रातल्या हजारो माळकरी घरांत ही व्यवस्था पिढ्यानपिढ्या चालत आली आहे, आणि तिचे मर्म अगदी साधे आहे : ज्याला खायचे आहे त्याने करायचे आणि त्यानेच निस्तरायचे.

या व्यवस्थेचे वारज्यातल्या किंवा कोथरूडमधल्या वन बीएचके फ्लॅटमध्ये काय करायचे, हा प्रश्न रास्त आहे, कारण तिथे गोठ्यामागची जागा नसते. यावर दोघांनी लग्नाआधी बसून बोलायला हवे, आणि ते तात्त्विक न बोलता भांड्यांच्या पातळीवर बोलायला हवे. त्याला मासे रांधता येतात का, हे तुम्ही त्याला कधी विचारले आहे का? तीन दिवस बाहेर खाणाऱ्या पुष्कळ मुलांना ताजा मासा बाजारात ओळखताही येत नाही. कल्ला लाल आहे की नाही हे आईने पाहिलेले असते. त्याला येत नसेल तर “करूक शीक” हे वाक्य त्याच्या आईने चुकीच्या माणसाला ऐकवले आहे, आणि ते दुरुस्त करण्याचे काम त्याचे आहे. त्याने तिला फोन करून म्हणावे, “आये, ता माका शिकव.” हसण्यावारी नेण्याऐवजी त्याने त्या दिवशीच हे म्हटले असते तर तुम्हाला बहुधा हे पत्र लिहावे लागले नसते. तो हे आता म्हणायला तयार आहे का, यावरून तुम्हाला त्याच्याबद्दल जे कळेल ते मासे सोडण्याच्या शब्दावरून कधी कळणार नाही.

बाकीच्या गोष्टी ठरवता येण्याजोग्या आहेत. त्याचा तवा, कढई, सुरी आणि पाट वेगळे. फ्रीजमध्ये झाकणाचा वेगळा डबा. आठवड्यातून घरात किती वेळा आणि बाहेर किती वेळा. ओल्या माशापेक्षा सुक्याचा वास अधिक पसरतो, आणि पावसाळ्यात कोकणी माणसाला सुकट, सोडे, सुके बोंबील आठवतात, तेव्हा भाजायचे कुठे, हे आधीच बोला. बंद फ्लॅटमध्ये बोंबील भाजला तर तुमच्याआधी वरच्या मजल्यावरचे शेजारी दार वाजवतील. त्यापेक्षा सुके पदार्थ गावी आईकडेच खायचे असे ठरवणे शहाणपणाचे होईल. घर घेताना करारात आहाराची अट असेल तर ती घेऊ नका, एवढे मात्र आग्रहाने सांगते. अशा घरात राहायचे म्हणजे पहिल्या दिवसापासून त्याने पाहुण्यासारखे वागायचे, आणि नवऱ्याचे घरातले पाहुणेपण कोणत्याही संसाराला चांगले नाही. पुण्यात अट नसलेले घर मिळायला दोन महिने जास्त लागतील, लागू द्या.

मुले काय खातील, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्या आईच्या मनात तो पहिला येईल. त्यावर आज एवढेच ठरले तरी पुरे की मुलाला कुणी लपवून भरवणार नाही आणि कुणी किळस शिकवणार नाही. तपशील मूल झाल्यावर ते मूलच ठरवते.

हे सगळे वाचून तुमच्या मनात “हे मला जमणार नाही” असे आले, तर तेही प्रामाणिक उत्तर आहे. आपल्या घरात मासा शिजणेच सहन होणार नाही असे ज्यांना खरोखर वाटते त्यांनी ते स्पष्ट म्हणून बाजूला होणे, हे वचन घेऊन लग्न करण्यापेक्षा फार सभ्य आहे. त्यात त्याचा अपमान नाही आणि तुमचा कोतेपणा नाही. फक्त ते त्याचे ताट प्रत्यक्ष पाहून ठरवा. येत्या बुधवारी तो जिथे जेवतो तिथे त्याच्याबरोबर जा. अशा खानावळीत तुमच्यासाठी निदान भात, सोलकढी आणि एखादी भाजी मिळेल. समोर बसा, तो काटा कसा काढतो ते पाहा, आणि पोटात ढवळले तर उठून बाहेर या. दीड वर्षात तुम्ही त्याला त्याचे आवडते जेवण जेवताना एकदाही पाहिलेले नाही, ही गोष्ट मला त्या जेवणापेक्षा अधिक विचित्र वाटते. त्याने अ‍ॅपवरचा रकाना रिकामा सोडला आणि चार महिने पनीर खाल्ले याचा तुम्हाला राग आहे. तो योग्य आहे, आणि तसे का केले हे त्याला विचारायला हवे. बहुधा तो म्हणेल की ‘शाकाहारी’ हा शब्द वाचून तो घाबरला होता.

मात्र लपवण्याचा हिशेब मांडायचा तर तुमच्याही खात्यावर काही आहे. त्याने चार महिने गप्प राहून लपवले, तुम्ही आईला तोंडाने खोटे सांगितले आहे, आणि त्या खोट्याच्या आधारावर पुढच्या महिन्यात चार वडीलधारी माणसे एका दिवाणखान्यात बसणार आहेत. त्याच्या आईला यातले काही ठाऊक नाही. ती येताना कदाचित खाजे आणि कोकमाची आगळ घेऊन येईल, गप्पांच्या ओघात “ह्याका लहानपणापासून बांगड्याशिवाय जेवाण जात नाय” असे कौतुकाने म्हणेल, आणि तुमच्या आईच्या हातातला चहाचा ट्रे तिथेच थांबेल. त्या क्षणी खोटे तुम्ही बोललेले असाल, पण फसवणारे म्हणून ते लोक ठरतील, आणि ते डाग पुढे अनेक वर्षे निघत नाहीत.

तेव्हा आईला आधी सांगा, आणि एकट्याने सांगा. त्याला शेजारी बसवून नको, कारण मग तिला रागवायलाही मोकळीक राहत नाही. सुरुवात माशापासून करू नका, खोट्यापासून करा. “मी तुला तो शाकाहारी आहे असे सांगितले, ते खरे नाही; मी घाबरले म्हणून सांगितले” इतके बोलून थांबा आणि तिला जे म्हणायचे ते म्हणू द्या. ती दोन दिवस बोलणार नाही, कदाचित आठवडाभर बोलणार नाही. बोलू लागली की पहिला प्रश्न “मग आपल्या घरी काय करायचे?” असा असेल, आणि त्याचे उत्तर तुमच्याकडे तयार असू द्या : आपल्या घरी काहीच बदलणार नाही, तो इथे येईल तेव्हा आपण करतो तेच जेवेल, आणि आमच्या घरात मी करणार नाही, तो करील. हे शेवटचे वाक्य तिला सांगण्याआधी त्याच्याकडून वदवून घेतलेले असावे, म्हणून बुधवार आधी आणि आई नंतर, असा क्रम ठेवा.

पाहुणे येतील त्या दिवशी शक्यतो सोमवार किंवा गुरुवार धरा. त्याच्या आईलाही त्या दिवशी बरे वाटेल.